गॅस नाही, ओटा नाही: कामासाठी बाहेरगावी असताना नीट जेवायचं कसं

नवी मुंबईत घणसोलीच्या गेस्ट हाउसमधल्या माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कपाट आणि भिंतीत दोन सॉकेट आहेत. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मी तिथे असतो. घर सांगलीला. काम कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं तपासून देण्याचं, त्यामुळे आज महापे, उद्या तळोजा, परवा ठाण्याचं वागळे इस्टेट. दुपारी जिथे काम तिथे जेवण, रात्री जे उघडं असेल तिथे.

अशी चार वर्षं गेली आणि रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं खाणं बंद करा." मी म्हटलं, "डॉक्टर, माझं सगळंच खाणं बाहेरचं आहे." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग बाहेरचं नीट खायला शिका." ते कसं शिकायचं, हे मला कुणी एका जागी सांगितलं नाही. पुढच्या दोन वर्षांत वाचून, विचारून, करून पाहून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. ऑडिटला येणारे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, साइटवरचे इंजिनियर, ऐरोलीत ट्रेनिंगसाठी सहा महिने पीजीमध्ये राहणारी मुलं-मुली, या सगळ्यांची अडचण एकच आहे.

ताटात कमी काय आहे ते आधी बघा

बाहेरच्या जेवणाचा विषय निघाला की लोक जास्तीचं मोजायला लागतात: तेल किती, मीठ किती, मैदा किती. तेही खरं आहे, पण त्या वाटेनं गेलं की रोज स्वतःला काहीतरी नाकारत बसावं लागतं आणि आठव्या दिवशी माणूस कंटाळतो. मला उपयोगी पडली ती उलटी वाट. ताटात जे कमी असतं ते आधी भरायचं. पोट त्यानं भरलं की जास्तीचं बरंचसं आपोआप कमी होतं.

कमी असतात त्या मुख्यतः दोन गोष्टी. एक प्रथिनं आणि दुसरी भाजी-फळं, म्हणजेच चोथा.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला झाले ५४ ग्रॅम. आता माझा तेव्हाचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्किटं, त्यात तीन ग्रॅम. दुपारी राईस प्लेट, सोळाच्या आसपास. संध्याकाळी वडापाव, सहा-सात. रात्री व्हेज फ्राइड राइस, आठ-नऊ. बेरीज पस्तीसपर्यंत जाते. रोज वीस ग्रॅमची तूट, आणि तीही चारही वेळा पोटभर खाऊन.

राईस प्लेटमध्ये सोळाच कशी, असं वाटेल. त्यासाठी मी शिवभोजन थाळीचं माप वापरतो, कारण तिचं प्रमाण सरकारनं ग्रॅममध्ये ठरवून दिलं होतं. २६ जानेवारी २०२० ला ती सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं ताट होतं. दोन चपात्यांतून पाच-सहा ग्रॅम प्रथिनं, भातातून चार, वरणातून चार-पाच, भाजीतून दोन. सगळी मिळून पंधरा-सोळा. हॉटेलातली राईस प्लेट दिसायला मोठी असते, पण वाढलेला असतो तो भात, पापड आणि रस्सा. डाळीची वाटी तेवढीच राहते आणि बऱ्याचदा ती पातळही असते.

भाजी-फळांचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये असंही म्हटलं आहे. बाहेर खाणाऱ्याचं गणित नेमकं याच्या उलट असतं. धान्य पाऊणशे टक्के आणि भाजी म्हणजे बटाटा.

तासाभरात पुन्हा भूक का लागते

आमच्या भागात ऊसतोड झाली की शेतात पाचट उरतं. ते चुलीत घातलं की भपकन पेटतं, भांडं तापल्यासारखं वाटतं आणि दोन मिनिटांत राख होते. बाभळीचं लाकूड हळू पेटतं आणि तासभर आच देतं. पाव, बिस्किट, नुसता भात, गोड चहा हे पाचट आहे. त्यातला स्टार्च पटकन साखर होऊन रक्तात उतरतो, ती साखर आवरायला शरीर इन्सुलिन सोडतं, आणि थोड्या वेळात साखर खाली आली की पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. कडधान्य, अंडं, मासे, दही, शेंगदाणे, सालीसकट फळ हे बाभळीचं लाकूड. प्रथिनं आणि चोथा जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे साखर हळूहळू चढते आणि पोट भरल्याची भावना टिकते.

यातून दोन बिनखर्चाच्या गोष्टी निघतात. पहिली, जेवणाचा क्रम. ताट तेच, पण आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, वरण, आणि भात-चपाती नंतर. तेवढ्यानं जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दुसरी, जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. चालणारे स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. घणसोलीत मी जेवून सेक्टरमधल्या बागेला दोन फेऱ्या मारतो आणि मगच खोलीवर जातो. सहा महिन्यांनी माझा आकडा ५.८ वर आला, त्यात या फेऱ्यांचाही वाटा आहे असं मी धरतो.

झोपेचंही एक सांगायला हवं. पहाटेच्या गाडीनं आलेल्या दिवशी गोडाची आणि तळलेल्याची ओढ जास्त असते, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. म्हणून त्या दिवशी 'भूक लागली की बघू' असं ठेवायचं नाही. काय खायचं ते गाडीत बसतानाच ठरवायचं.

तूट भरून काढणारी पिशवी

माझ्या बॅगेत आता कायम फुटाणे असतात. सालीसकट. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा. शेंगदाण्यांतही तितकीच किंवा थोडी जास्त प्रथिनं आहेत, पण ते तेलाचे आहेत. तीस ग्रॅमला १७० कॅलरी होतात, त्यामुळे पिशवीतून खात बसायचं नाही, मूठ काढून पिशवी बंद करायची. चण्याचं सत्तू बहुतेक किराणा दुकानांत मिळतं. दोन मोठे चमचे ताकात कालवले, वर मीठ-जिरं घातलं, की सहा-सात ग्रॅम प्रथिनं पोटात जातात आणि उन्हाळ्यात बरंही वाटतं. दोन अंड्यांत बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम दह्यात तीन-साडेतीन. वर काढलेली वीस ग्रॅमची तूट एवढ्यात भरते आणि हे सगळं स्टेशनबाहेर मिळतं.

फळांत एकच नियम पाळतो: जे मी स्वतः सोलणार ते. केळं, संत्रं, मोसंबी, चिकू, सीताफळ. कापून ठेवलेली पपई-कलिंगडाची प्लेट कितीही गार आणि ताजी दिसली तरी नाही, विशेषतः पावसाळ्यात. नवी मुंबईत या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. फळांचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यालाच आहे, त्यामुळे मोसमात जे असेल ते इथल्या हातगाड्यांवर लगेच उतरतं. फळ आणि फळाचा रस मात्र एक नव्हे. रस काढताना चोथा मागे राहतो आणि तीन-चार फळांची साखर एका ग्लासात येते.

किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी किंवा जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वरचा हिशेब निरोगी माणसाचा आहे.

ओट्याशिवायचा स्वयंपाक

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण उत्तर आपल्या घरातच होतं आणि मला ते सुचायला दोन वर्षं लागली. चुलीवाचून होणारं खाणं मराठी घराला नवीन नाही. दडपे पोहे, दहीपोहे, सातूचं पीठ, मेतकूट, ज्वारीच्या लाह्या, कोरड्या चटण्या. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीत दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या असायच्या. दशमी दुधात भिजवतात म्हणून मऊ राहते, आणि ती कोरडी असते म्हणून रश्श्यासारखी लवकर आंबत नाही. जंतूंना वाढायला पाणी लागतं. शिदोरीत पातळ काही नसायचं, त्याला हेच कारण.

माझ्याकडे एक लिटरची विजेची किटली, रुंद तोंडाचा थर्मास, स्टीलचा डबा, सुरी, चमचा आणि एक पांढरा सुती रुमाल आहे. एवढ्यात काय होतं ते सांगतो.

दडपे पोहे. पातळ पोहे डब्यात घ्यायचे. घरी ओला नारळ खवून घालतात. इथे मी शहाळं आणतो, थोडं पाणी पोह्यांवर शिंपडतो आणि मलई बारीक चिरून टाकतो. कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू, मीठ, घरून आणलेलं शेंगदाण्याचं कूट. फोडणी नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. वर ताटली आणि त्यावर पाण्याची बाटली ठेवून वीस मिनिटं दडपून ठेवायचं. नुसते पोहे म्हणजे शेवटी तांदूळच, म्हणून त्यात मोड आलेले मूग पोह्यांइतकेच घालतो. तेव्हा ते जेवण होतं, नाहीतर नाश्ताच राहतो.

मोड आणणं खोलीवर सहज जमतं. सकाळी निघताना मूग किंवा मटकी भिजत घालायची, रात्री ओल्या रुमालात बांधून ठेवायची. नवी मुंबईच्या दमट हवेत दहा-बारा तासांत मोड दिसतात, आणि तितक्याच लवकर वासही येऊ शकतो, म्हणून आणखी दिवसभर ठेवायचे नाहीत. मोड कच्चे खाऊ नका. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच साल्मोनेलासारख्या जंतूंनाही लागते. मोड थर्मासात घालायचे, उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं. कच्चेपणा जातो, दाणा थोडा करकरीत राहतो. वर लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. याच कारणानं जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहातले टॅनिन्स लोहाला अडकवतात. तासभराचं अंतर ठेवलं की झालं.

अंडी किटलीत उकडतात. गार पाण्यात अंडी ठेवून किटली लावायची. उकळी आली की ती आपोआप बंद होते, मग झाकण न उघडता बारा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं. पण हे स्वतःच्या किटलीत करा, लॉजच्या नाही. अंड्याच्या कवचावर जंतू असू शकतात आणि त्याच किटलीत उद्या दुसरा कुणी चहाचं पाणी ठेवणार असतो. लॉजच्या किटलीत चहा करण्याआधी मीही एकदा पाणी उकळून फेकून देतो. किटलीत दूध मात्र तापवू नका, ते उतू जातं आणि तळाला करपतं.

ओट्स किंवा ज्वारीचे पोहे थर्मासात उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत मऊ होतात. आधी थर्मास उकळत्या पाण्यानं विसळून गरम करून घ्या, नाहीतर पहिली ऊब भांडंच खातं. वर दही, मेतकूट, जवसाची चटणी. चवीला हे दहीभाताच्या जवळ जातं. आठवड्यातून दोन रात्री माझं जेवण हेच असतं आणि त्या रात्री झोप चांगली लागते.

हॉटेलात काय मागायचं

हॉटेल बदलावं लागत नाही, मागणी बदलावी लागते. आणि मागायला लाजू नये. कोपरखैरणेच्या एका पोळी-भाजी केंद्रातल्या मावशींना मी पहिल्यांदा चाचरतच विचारलं होतं, "मावशी, भात नको, त्याच्याऐवजी काही मिळेल का?" त्या म्हणाल्या, "अरे, मग उसळ दोन वाट्या घे की! भात नाहीतरी रोज उरतोच." तेव्हापासून माझं ताट तीन पोळ्या, दोन वाट्या उसळ, एक पालेभाजी आणि ताक. पैसे तेवढेच. अशी केंद्रं ठाण्यात नौपाड्यापासून इकडे नेरुळपर्यंत जागोजागी आहेत. कामाच्या जागेजवळचं एक शोधून तिथे ओळख करून घेणं, ही बाहेरगावी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत करायची गोष्ट. ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'आज मटकी चांगली झालीय, भाजी नको घेऊ' असं कुणीतरी सांगतं. त्याची किंमत मोठी आहे.

मिसळ वाईट नाही. तिच्यात उसळ आहे. बिघडतं ते वरच्या तर्रीनं, फरसाणानं आणि पावांच्या संख्येनं. ठाण्यात मिसळ खाल्ल्याशिवाय माघारी जायचं नाही हे मलाही पटतं, तर मी फरसाण वेगळं घेतो, तर्री कमी सांगतो, पाव एक, आणि सोबत दही.

उडप्याकडे इडली-सांबार घ्या आणि सांबार पुन्हा मागा. चटणीपेक्षा सांबार जास्त. त्यात डाळ आहे, भाज्या आहेत. मेदूवडा डाळीचा असला तरी तळताना तेल पितो, आणि तेलाच्या एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी असतात.

मासे खाणाऱ्यांना हा भाग म्हणजे पर्वणी. ठाणे-बेलापूर पट्टा मुळात आगरी-कोळी गावांचा. दिवाळे, घणसोली, ऐरोली ही गावं सेक्टरांच्या आधीची आहेत. तिथल्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं किंवा मांदेलीचं कालवण मिळतं. माशाच्या शंभर ग्रॅम मांसात अठरा ते वीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशात हृदयाला चांगलं ओमेगा-३ मेदही असतं. कालवण आणि एक भाकरी हे माझ्या मते इथलं सगळ्यात नीट बाहेरचं जेवण आहे. तळलेली तुकडी कधीतरी.

रात्री उशीर झाला आणि भुर्जीची गाडीच उघडी असली तर तेही चालतं. "दोन अंड्यांची भुर्जी, तेल कमी, कांदा-टोमॅटो जास्त, पाव एकच." चायनीजच्या गाडीवर मात्र मला वाट सापडलेली नाही. भात, मैदा, तेल, खारट सॉस, यातलं काय कमी करायचं ते कळत नाही, म्हणून तिथे जातच नाही.

तळणाऱ्या गाडीवर कढईतलं तेल पाहायची सवय लावा. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात घातक घटक साठत जातात. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं १ जुलै २०१८ पासून त्याला मर्यादा घातली आहे. तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण काळं, चिकट, फेसाळणारं, गॅस मंद असतानाही धुरकटणारं तेल डोळ्यांना कळतं.

उपवास करणाऱ्यांसाठी एवढंच: साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तिच्यात टिकाऊ काय असेल ते शेंगदाण्याचं कूट. बाहेरगावी असाल तर दही, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि फळं यांवर एकादशी जास्त बरी जाते.

पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या आणि 'मल्टिग्रेन' असतं, खरं मागे असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते. पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैदा आहे, मग पुढे रागी, ओट्स काहीही असो. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज.

मिठाचा हिशेब एकदा करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी हवं. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचनं गुणायचं. समजा शंभर ग्रॅममागे १००० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट सत्तर ग्रॅमचं आहे. सोडियम झालं ७०० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ पावणेदोन ग्रॅम. एका पाकिटात दिवसाचा तिसरा हिस्सा संपला, आणि लोणचं-पापड अजून बाकी आहेत.

पोट बिघडू नये म्हणून

बाहेरगावी एक दिवस पोट बिघडलं की कामाचे तीन दिवस जातात. त्यामागचं शास्त्र दोन आकड्यांत मावतं: ५ आणि ६०. पाच अंशांच्या खाली जंतूंची वाढ मंदावते आणि साठ अंशांच्या वर ती थांबते. मधल्या पट्ट्यात, त्यातही आपल्या खोलीच्या तापमानाला, काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त त्या पट्ट्यात राहू नये. एप्रिल-मे महिन्यांत तर त्याहून कमी.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांतल्या काहींचं विष असं असतं की भात पुन्हा परतून गरम केला तरी नष्ट होत नाही. दुपारच्या उरलेल्या भाताचा रात्री फ्राइड राइस होतो, तिथे हाच धोका आहे. डबा लावला असेल आणि तो सकाळी सातला भरून दुपारी एकला उघडणार असाल, तर पोळी आणि कोरडी भाजी किंवा सुकी उसळ मागा. भात-आमटी नको. ओल्या नारळाची चटणी संध्याकाळच्या वेळी आधी वास घेऊन बघा. गर्दीचं हॉटेल बरं असतं, याचं कारणही हेच. तिथे काही फार वेळ टिकतच नाही.

पाणी दिवसभर एसीत बसणाऱ्यांना आठवत नाही आणि शॉपफ्लोअरवर घामाघूम होणाऱ्यांना पुरत नाही. मी लघवीचा रंग बघतो. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडलंय. रात्री किटलीत उकळून गार केलेलं पाणी सकाळी बाटलीत भरून नेतो. चहा दिवसातून चार-पाच वेळा पुढे येतोच, त्यातली साखर अर्धी केली तरी आठवड्याभरात जीभ सरावते.

आणि तरीही पोट बिघडलंच, तर त्यासाठी बॅगेत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेलं, असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते घ्या. फळांच्या चवीचं गोड पेय घेऊ नका. एक लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवायचं. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकून चालत नाही, क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडलं की उपयोग जातो. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा मीठ. सोबत केळं, ताक, मऊ ताजा भात. शौचात रक्त दिसलं, ताप चढला, काहीच पोटात ठरत नसलं, किंवा सहा-सात तास लघवी झाली नाही, तर गेस्ट हाउसच्या दादांना उठवा आणि दवाखान्यात जा. सकाळच्या मीटिंगची वाट बघत खोलीत एकटे पडून राहू नका.